मटाराचं पोतं आणि धुक्यातला दिवा

आज आधी एक काम करा. घरात किंवा दुकानात पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी विणलेलं एखादं रिकामं पोतं शोधा. साखरेचं, पेंडेचं, कशाचंही चालेल. त्याच्या कडेची एक पट्टी हळूच ओढून काढा आणि दोन्ही हातांत धरून ताणा. तुटली? नाही ना! बोटांवर लाल वळ उठतील, पण पट्टी तुटायचं नाव घेणार नाही.

आता त्याच पट्टीच्या टोकाला नखाने एक बारीकशी उभी चीर द्या आणि दोन्ही बाजू अलग ओढा. सर्रकन फाटत जाईल, अगदी केळीचं पान शिरेच्या बाजूने फाटतं तशी. आणखी चिरत गेलात तर तिचे केसासारखे धागे होतील.

पट्टी एकच. पण लांबीच्या दिशेने पैलवान आणि रुंदीच्या दिशेने इतकी नाजूक! असं का बरं?

हा प्रश्न मला विचारला माझ्या आत्याच्या नातीने. ती सातवीत आहे आणि राहते शहपुऱ्याला. शहपुरा म्हणजे मध्य प्रदेशातल्या जबलपूर जिल्ह्यातलं नर्मदेच्या खोऱ्यातलं गाव. भेडाघाटचे संगमरवरी कडे तिथून फार लांब नाहीत. आणि थंडीत तिथे गेलात तर जिकडे तिकडे दिसतो मटार! जबलपूर जिल्हा हिरव्यागार मटारासाठी नावाजलेला आहे आणि शहपुरा, पाटन या भागात त्याची शेतंच्या शेतं पसरलेली असतात. जानेवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो होतो. समोरच्या ट्रॉलीत भरलेली पोती चढत होती. आत्याच्या घरी मराठी बोलतात, पण पोत्याला सगळे ‘बोरी’च म्हणतात. एका फाटक्या बोरीची पट्टी सोलत सोलत ही पोरगी म्हणाली, “काका, ही पट्टी अशी तुटत नाही, मग तशी कशी लगेच फाटते?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात रस्त्यावरचा दिवा लागला. धुकं उतरायला लागलं होतं. दिव्याभोवती पांढुरक्या उजेडाची गोल चकती दिसत होती आणि तिच्या कडेला तांबूस कडं होतं.

“अय्या, दिव्याला खळं पडलंय!” ती म्हणाली.

“झालं तर मग,” मी म्हटलं. “तुझ्या पट्टीचं उत्तर त्या खळ्यातच आहे.”

खळं काय सांगतं?

धुकं म्हणजे पाण्याचे अगदी बारीक थेंब. दिव्याचा प्रकाश सरळ आपल्या डोळ्यांकडे यायला निघतो. वाटेत थेंब भेटले की त्यातला थोडा प्रकाश आजूबाजूला वळतो, विखुरतो. त्या विखुरलेल्या प्रकाशाचंच हे कडं बनतं. चंद्रावरून पातळ ढग जातात तेव्हा त्याला अगदी चिकटून जे छोटं रंगीत कडं दिसतं, तेही असंच.

यातली खरी गंमत पुढे आहे. थेंब जितके लहान, तितकं कडं मोठं. थेंब मोठे झाले की कडं आक्रसतं. उलटं आहे ना? लहान वस्तू प्रकाशाला जास्त फाकवते, मोठी वस्तू कमी. म्हणजेच एकही थेंब डोळ्यांना दिसत नसला, तरी कड्याचा आकार मोजून थेंबाचा आकार काढता येतो.

आम्ही लगेच करून पाहिलं. आत्याचा चष्मा मागून घेतला, काचेवर ‘हाऽऽ’ करून वाफ धरली आणि त्या काचेतून लांबच्या दिव्याकडे पाहिलं. दिव्याभोवती उजेडाचं गोल कडं! पण मधला दिवा इतका लखलखत होता की कडं नीट दिसेना. मग पोरीने हात लांब करून अंगठा दिव्यासमोर धरला. दिवा झाकला गेला आणि कडं एकदम उठून दिसलं. ही अंगठ्याची युक्ती लक्षात ठेवा. पुढे तिची गरज लागणार आहे. (आणि सूर्याकडे मात्र असं कधीही पाहायचं नाही, अंगठा धरूनसुद्धा नाही!)

हे असं का होतं, ते लेझीमच्या पथकावरून समजून घेऊ. सगळ्यांचा ताल जुळला तर आवाज घुमतो. एक जण अर्धा ठोका मागे पडला की सगळा गोंधळ. प्रकाशाच्या लाटांचंही असंच आहे. शेजारशेजारच्या दोन ठिकाणांहून विखुरलेल्या लाटा जिथे तालात भेटतात तिथे उजेड होतो आणि जिथे बेताल भेटतात तिथे एकमेकींना पुसून टाकतात. दोन ठिकाणांमध्ये अंतर जास्त असेल, तर थोडंसं तिरकं होताच एक लाट दुसरीच्या मागे पडते. अंतर कमी असेल, तर तेवढाच फरक पडायला बरंच तिरकं व्हावं लागतं. म्हणून जवळच्या गोष्टी प्रकाश लांब फेकतात आणि लांबच्या गोष्टी जवळ.

पट्टीच्या पोटात

आता पट्टीकडे वळू. ती पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकची असते. प्रॉपिलीन वायूचे हजारो छोटे रेणू एकापुढे एक जोडले की एक लांबलचक साखळी तयार होते. अशा साखळी-रेणूंना शाळेच्या पुस्तकात ‘बहुवारिक’ म्हणतात आणि कारखान्यात म्हणतात ‘पॉलिमर’. कापूस, रेशीम, आपले केस, मटारातला पिठूळ स्टार्च, हे सगळे निसर्गाने घडवलेले पॉलिमरच आहेत.

या साखळ्या पट्टीत कशा बसल्या आहेत ते पाहायचं, तर भिंग घेऊन भागणार नाही. शाळेतला सूक्ष्मदर्शकही पुरणार नाही. का ते सांगतो. एका मिलीमीटरचे दहा लाख तुकडे केले की एक तुकडा होतो एक नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची एक लाट ४०० ते ७०० नॅनोमीटर लांब असते. आणि पट्टीतल्या शेजारच्या दोन साखळ्यांमधलं अंतर? जेमतेम अर्धा-पाऊण नॅनोमीटर! वाऱ्याने शेत डोलतं तेव्हा आपल्याला लाट दिसते, एकेका शेंगेतला दाणा नाही कळत. तसंच हे. इतक्या आखूड अंतरांसाठी तितकीच आखूड लाट हवी.

अशी लाट १८९५ साली जर्मनीतल्या विल्हेल्म रंटगेन यांना सापडली. ते क्ष-किरण. प्रयोगशाळेत तांब्यापासून जे क्ष-किरण मिळवतात, त्यांची लाट ०.१५४ नॅनोमीटर लांब असते. आणि पट्टीच्या साखळीतले कार्बनचे दोन शेजारी अणू एकमेकांपासून किती अंतरावर असतात माहीत आहे? तेही सुमारे ०.१५४ नॅनोमीटरच! मोजायच्या वस्तूला अगदी साजेशी मोजपट्टी मिळाली म्हणायची.

पण थांबा. हात मोडला की दवाखान्यात काढतात तो एक्स-रे वेगळा. तिथे हाडांची सावली पाहतात. इथे सावली पाहायची नाही. इथे क्ष-किरणांचं खळं पाहायचं.

काजळीचं खळं

स्फटिकातून क्ष-किरण गेले की ठिपक्यांची सुंदर नक्षी उमटते, हे माक्स फॉन लाउए आणि त्यांच्या सोबत्यांनी १९१२ साली दाखवलं. त्या नक्षीवरून अणूंमधली अंतरं कशी काढायची, ते इंग्लंडच्या ब्रॅग पिता-पुत्रांनी शोधलं. १९१५ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं, तेव्हा मुलगा होता फक्त २५ वर्षांचा.

मात्र ते ठिपके मधल्या किरणापासून बरेच लांब पडत. किरणाला अगदी खेटून, इवल्याशा कोनात काय दिसतं? तिथे नजर टाकणाऱ्या पहिल्या काही जणांत आपल्याकडचे एक शास्त्रज्ञ होते. कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याभोवती तरुण संशोधकांचा मेळा जमला होता. त्यांतले पी. कृष्णमूर्ती यांनी १९३० साली काजळीसारख्या बारीक कार्बनच्या भुकटीतून क्ष-किरण सोडले. मधल्या किरणाभोवती त्यांना एक दाट, पसरट उजेड दिसला. तुपाच्या दिव्यावर वाटी धरून काजळ पाडतात ना, तसल्या काजळीने क्ष-किरणांना खळं पाडलं होतं! कण बारीक, म्हणून खळं ऐसपैस. हेच ते लहान कोनातलं विखुरणं. पुढे १९३९ च्या सुमारास फ्रान्सच्या आंद्रे गिनिए यांनी त्याचं गणित बसवलं आणि खळ्यावरून कणाचं माप काढायची रीत जगाला मिळाली.

आज प्रयोगशाळेत हे कसं करतात, ते तुम्ही ऐकताच ओळखाल. केसाएवढा बारीक क्ष-किरण पट्टीतून सोडतात. पलीकडे, हातभर किंवा काही मीटर लांब, किरण टिपणारा एक पडदा असतो. सरळ आलेला किरण इतका प्रखर असतो की त्यापुढे खळं दिसतच नाही. मग काय करतात? पडद्याच्या मधोमध धातूचा एक चिमुकला तुकडा बसवतात. तो सरळ किरण अडवतो. आपल्या शहपुऱ्याच्या पोरीने दिव्यासमोर धरलेला अंगठाच तो!

निऱ्या आणि गुंता

आता पडद्यावर काय दिसतं ते पाहू. समजा पडदा पट्टीपासून एक मीटर लांब आहे. मध्यापासून साधारण २५ सेंटीमीटरवर एक ठळक खूण दिसते. उलटं गणित मांडलं की उत्तर येतं सुमारे ०.६ नॅनोमीटर. हे साखळ्यांच्या शेजारशेजारच्या रांगांमधलं अंतर. आणि मध्याच्या अगदी जवळ, जेमतेम एका सेंटीमीटरवर आणखी एक खूण असते. तिचं उत्तर येतं सुमारे १५ नॅनोमीटर.

हे १५ नॅनोमीटरचं काय आहे? साखळ्या तर त्याहून खूप लांब असतात आणि त्यांच्यातलं अंतर त्याहून खूप कमी. मग मधलंच हे माप कुणाचं?

शास्त्रज्ञांनी हे कोडं सोडवलं तेव्हा प्लॅस्टिकच्या पोटातली मोठी सुरेख रचना समोर आली. आईला साडी नेसताना पाहिलंय? ती भराभर निऱ्या घालते. पाच-सहा हात कापड चार बोटं रुंदीच्या थप्पीत बसतं. लांब साखळीही तसंच करते. पुढे-मागे, पुढे-मागे घड्या घालत ती नीटनेटक्या निऱ्या रचते. या निऱ्यांची पातळ चकती होते, साधारण १० नॅनोमीटर जाड. १९५७ साली ब्रिस्टलमध्ये अँड्र्यू केलर यांनी पॉलिथीनच्या साखळ्या अशा घड्या घालतात हे दाखवून दिलं.

पण सगळी साखळी काही शहाण्यासारखी बसत नाही. एका चकतीतून बाहेर पडून ती थोडा गोंधळ घालते, ताटातल्या शेवयांसारखा गुंता करते आणि मग पुढच्या चकतीत शिरते. चकती, गुंता, चकती, गुंता, अशी थरांवर थर चढलेली रचना होते. एक चकती आणि एक गुंता मिळून जी जाडी होते, तेच आपलं १५ नॅनोमीटरचं माप. क्ष-किरणांना विखुरतात ते इलेक्ट्रॉन. चकतीत ते दाटीवाटीने असतात आणि गुंत्यात जरा विरळ. या दाट-विरळ फरकामुळेच थर ओळखू येतात.

प्लॅस्टिकचा चिवटपणा याच जोडीतून येतो. निऱ्या बळ देतात आणि गुंता ताण सोसतो. नुसत्या निऱ्या असत्या तर पट्टी काचेसारखी तडकली असती आणि नुसता गुंता असता तर बळच राहिलं नसतं.

करून पाहा

आता एक पातळ ओढणी घ्या. दाट विणीची, एकरंगी हवी. रात्री तिच्यातून लांबच्या एका छोट्या दिव्याकडे पाहा. दिव्याला चार बाजूंनी प्रकाशाचे आरे फुटलेले दिसतील, अधिकच्या चिन्हासारखे. ओढणी हळूहळू फिरवा. आरेसुद्धा फिरतील! ओढणी तिरकी ताणून धरा. आऱ्यांमधला कोन बदलेल. म्हणजे विखुरलेला प्रकाश नुसतं अंतर सांगत नाही, धागे कोणत्या दिशेला आहेत तेही सांगतो.

पोत्याची पट्टी करताना आधी प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा तयार करतात. त्याच्यातून क्ष-किरण सोडले तर पडद्यावर पूर्ण गोल कडी उमटतात. कारण साखळ्या सगळ्या दिशांना तोंडं करून बसलेल्या असतात, झोपेतून उठलेल्या पोराच्या केसांसारख्या. मग पापुद्र्याच्या अरुंद पट्ट्या कापतात आणि गरम करून लांबीच्या दिशेने कित्येक पट ताणतात. आता पुन्हा क्ष-किरण सोडा. गोल कडं तुटतं! त्याच्या जागी फक्त दोन-चार बाजूंना चंद्रकोरीसारखे तुकडे उरतात. ताणण्याने साखळ्या विंचरल्या गेल्या. सगळ्या एका दिशेला, पट्टीच्या लांबीला धरून आडव्या पडल्या.

मिळालं उत्तर? पट्टी लांबीकडे ओढली की आपण साखळ्यांनाच ओढतो. तिथे कार्बन-कार्बनचे पक्के बंध आहेत, ते सहजासहजी तुटत नाहीत. पण रुंदीकडे ओढली की दोन शेजारच्या साखळ्या फक्त एकमेकींपासून दूर करायच्या असतात. त्या शेजारी नुसत्या टेकून बसलेल्या असतात, त्यांच्यात अगदी हलकीशी ओढ असते. म्हणून चर्रकन फाटतं.

मळसूत्राची खूण

या खळ्यांनी किती मोठी गुपितं उघडली म्हणून सांगू! १९५२ साली लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी डीएनएच्या धाग्यातून क्ष-किरण सोडून एक चित्र टिपलं. त्यात फुलीसारखी नक्षी होती. मळसूत्रासारखा वळत जाणारा रेणू अशीच फुली उमटवतो. पुढच्याच वर्षी डीएनएची दुहेरी वळणाची रचना जगापुढे आली. डीएनए हाही एक पॉलिमरच आहे, तुमच्या-माझ्यात आणि मटाराच्या दाण्यातसुद्धा असलेला.

आणि १९५४ साली इटलीत ज्युलिओ नाट्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटक्या रचनेचं पॉलिप्रॉपिलीन बनवलं. क्ष-किरणांनी पाहिलं तर काय, तीही साखळी मळसूत्रासारखीच वळलेली! दर तीन कड्यांमागे एक पूर्ण वेढा. नाट्टा यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे बघा, आत्याच्या अंगणात पडलेल्या बोरीत इवल्या इवल्या मळसूत्रांच्या अगणित रांगा होत्या.

इंदूरचं मोठं कडं

हे सगळं पाहायला साता समुद्रापार जायला नको. मध्य प्रदेशातच, इंदूरला, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. १९८४ साली त्याची पायाभरणी झाली. तिथे ‘इंडस-२’ नावाचं एक प्रचंड यंत्र आहे. त्याच्या कड्याचा घेर आहे १७२.५ मीटर. त्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गरागरा फिरतात, सेकंदाला १७ लाखांहून जास्त फेऱ्या! प्रत्येक वळणावर चुंबक त्यांना वळवतात आणि वळताना ते क्ष-किरणांचा लखलखीत झोत सोडतात. ओल्या छत्रीला गरकन फिरवलं की थेंब उडतात, तसा. या झोतांच्या वाटांवर निरनिराळे प्रयोग चालतात. त्यांतल्या एका वाटेवर लहान आणि मोठ्या, अशा दोन्ही कोनांतलं विखुरणं टिपायची सोय आहे.

एवढा प्रखर झोत कशाला? गरम प्लॅस्टिक निवताना साखळ्या भराभर निऱ्या घालतात. मंद किरणाने चित्र टिपेपर्यंत त्यांचं काम उरकलेलं असतं. झोत प्रखर असला की चित्रामागून चित्र झटपट टिपता येतं आणि निऱ्या पडताना पाहता येतात.

आणि हे पाहायचं कशासाठी? साखळ्या नीट बसल्या तर कमी प्लॅस्टिकमध्ये तेवढंच मजबूत पोतं होतं. उन्हात फार दिवस पडलेलं पोतं हात लावताच भुगा होतं, कारण ऊन साखळ्या तोडतं. त्या कुठे आणि कशा तुटतात, हे खळ्यातून कळतं. जुन्या प्लॅस्टिकचं पुन्हा काही बनवताना पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन नीट मिसळत नाहीत. ते पोटात कसे फटकून राहतात, तेही इथेच दिसतं. जे प्लॅस्टिक आपण रोज वापरतो आणि फेकतो, त्याचं काय करायचं हे ठरवायचं असेल, तर आधी त्याच्या पोटात शिरायला हवं. मला हे फार मोलाचं वाटतं.

त्या रात्री हे सगळं सांगून झालं तेव्हा धुकं दाट झालं होतं. पोरगी बराच वेळ गप्प होती. हातातली पट्टी कधी लांबीकडे ओढत होती, कधी रुंदीकडे. मग तिने मांडीवर बोरी पसरली, दिव्याकडे धरली आणि एकदम ओरडली, “काका, आता कळलं! एक पट्टी एकाच बाजूने मजबूत असते ना? म्हणून एक उभी, एक आडवी, अशी विणलीय. ही जिथे कच्ची, तिथे ती पक्की!”

मी तिच्या हातातली बोरी घेतली आणि जवळून पाहिली. उभ्या पट्टीवरून आडवी, आडवीखालून उभी. इतकी वर्षं पोती पाहिली होती, पण ती विणलेली का असतात हे मला कधी सुचलं नव्हतं. ट्रॉली निघाली. मटाराने भरलेली पोती धुक्यातून रस्त्याला लागली आणि तिच्या मागच्या दिव्यालाही एक छोटंसं तांबडं खळं पडलं होतं.